पॅड कुठे मिळतात, ते आधी विचारा

दौंड जंक्शनवर गाडीची वाट बघत उभे असाल, तर ब्रेकचा एक धडा तिथे समोरच मांडलेला असतो. पलीकडच्या रुळावर जुन्या निळ्या डब्यांची गाडी थांबायला आली की तिच्या चाकांकडे बघा. ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर, रुळाला टेकणाऱ्या त्याच गोल पृष्ठभागावर येऊन दाबतात. बैलगाडीच्या भाषेत सांगायचं तर ब्रेक धावेवर लागतो. लाल-करड्या एलएचबी डब्यांत मात्र चाकाच्या धावेला कुणी हात लावत नाही. दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर वेगळ्या चकत्या बसवलेल्या असतात आणि ब्रेक त्या चकत्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. पहिल्या पद्धतीत दर थांब्याला चाक झिजतं आणि तापतं. दुसऱ्या पद्धतीत झिजते ती चकती आणि तिला घासणारे पॅड. हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात, झिजले की बदलायचे.

सायकलीतही हेच दोन प्रकार आहेत. व्ही-ब्रेकचे रबरी गट्टू रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात, ती जुन्या डब्याची पद्धत. हबला लावलेल्या पोलादी चकतीला कॅलिपरमधले दोन पॅड दाबतात, ती एलएचबीची. ही चकती म्हणजेच डिस्क किंवा रोटर.

आता प्रश्न असा, की शिरूर-दौंडच्या माणसाला ही दुसरी पद्धत खरोखर लागते का? माझं उत्तर मातीपासून सुरू होतं. घोड आणि भीमेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते, की चार पावलांत टायर दुप्पट जाड दिसायला लागतो. उसाच्या शेतातून जाणारी पाणंद, चासकमानच्या किंवा मुठा उजव्या कालव्याच्या कडेचा रस्ता, कुठेही जुलै-ऑगस्टमध्ये सायकल घाला, तो चिखल आधी व्ही-ब्रेकच्या दोन भुजांमध्ये साठतो. त्यात बारीक वाळू असेल, तर गट्टू आणि रिम यांच्यामध्ये सँडपेपर धरल्यासारखं होतं. दर वेळी ब्रेक दाबला की रिमची भिंत थोडी खरवडली जाते. काही वर्षांनी ती इतकी पातळ होते, की टायरमधल्या हवेच्या दाबानेच फाटू शकते. डिस्क जमिनीपासून वीतभराहून वर असते. तिथपर्यंत चिखल उशिरा पोहोचतो आणि पोहोचला तरी चकतीला असलेल्या भोकांमुळे टिकत नाही.

दुसरा फायदा खड्ड्यांचा. मुरमाच्या रस्त्यावर चाक आउट व्हायला वेळ लागत नाही. रिम जराशी डुलायला लागली, की व्ही-ब्रेक एका बाजूला घासतो आणि मिस्त्रीकडे आउट काढून घेईपर्यंत ब्रेक ढिला ठेवून फिरावं लागतं. डिस्कला रिमच्या डुलण्याशी देणंघेणं नाही. चाक थोडं वाकडं झालं तरी ब्रेक तसाच लागतो.

एवढं सांगून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. हा अवर्षणप्रवण भाग आहे. वर्षातले बहुतेक महिने कोरडे असतात. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला डांबरी रस्त्याने जायचं, शाळा-कॉलेज आणि बाजार करायचा, एवढाच वापर असेल तर चांगला व्ही-ब्रेक पुरेसा आहे. दहा हजारांच्या आतल्या कित्येक सायकलींवर ‘डबल डिस्क’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या अक्षरांवर विसंबून सायकल घेऊ नका. पातळ पत्र्याचा, बिननावाचा केबल-डिस्क ब्रेक हा नीट बसवलेल्या व्ही-ब्रेकपेक्षा कमी ताकदीचा असू शकतो आणि त्याची डोकेदुखी मात्र जास्त.

ब्रेक किती दमाचा हवा, हे उतारावर ठरतं. थोडा हिशोब करू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना त्यांच्यात सुमारे ४,२५० जूल ऊर्जा असते. सायकल थांबवायची म्हणजे ही ऊर्जा उष्णतेत बदलायची. १०० मिलिलिटर पाणी १० अंशांनी तापेल, एवढी ती उष्णता. सपाट रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, उसाची ट्रॉली अचानक वळली आणि तुम्ही थांबलात, तर ब्रेकला एवढंच काम पडतं. पुढच्या मिनिटभरात वारा ती उष्णता घेऊन जातो.

उतारावर गणित बदलतं. तेच ८५ किलो १०० मीटर उंचीवरून वेग न वाढवता खाली आणायचे, तर सुमारे ८३ हजार जूल उष्णता बाहेर टाकावी लागते. २० अंशांचं पाव लिटर पाणी उकळायला लागेल इतकी. हवेचा विरोध यातला काही भाग उचलतो, पण वळणावळणाच्या उतारावर वेगच कमी ठेवावा लागतो, तेव्हा बहुतेक भार ब्रेकवर येतो.

माउंटन बाइकचा जन्मच या उष्णतेच्या गोष्टीशी बांधलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमध्ये १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडत. तीन-साडेतीन किलोमीटरच्या एका वाटेवर सुमारे ४०० मीटरचा उतार होता. आपल्या हिशोबाने एक लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता. या सायकलींना पेडल उलटं फिरवून लागणारा, मागच्या हबमधला ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात. त्या उताराचं नाव ‘रीपॅक’ पडलं आणि १९७६पासून तिथे शर्यती झाल्या. आजच्या माउंटन बाइकची घडण त्या उतारावर झाली.

आपल्याकडे रीपॅक नाही. शिरूर आणि दौंड हे मुख्यतः सपाट तालुके. पाबळ, कान्हूर मेसाईकडे माळ आणि छोट्या टेकड्या आहेत. निघोजच्या रांजणखळग्यांकडे टाकळी हाजीवरून जाताना कुकडीच्या पात्राकडे उतरावं लागतं, पण ते थोडकं. यवतहून भुलेश्वरला चढून गेलात, यादवकालीन देऊळ बघितलंत आणि परत निघालात, तर तो उतार मात्र ब्रेकची परीक्षा घेणारा आहे. म्हणजे रोजच्या वापराला मध्यम ताकदीचा, चिखलात भरवशाचा आणि महिन्यातून एखाद्या घाटाला पुरेल असा ब्रेक आपल्याला हवा. स्पर्धकांचे चार पिस्टनचे महागडे ब्रेक इथे पैसे वाया घालवणं आहे. हे माझं ठाम मत आहे.

आता बाजारात जाऊ. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये लीव्हर दाबला की तार ओढली जाते आणि कॅलिपरवरचा दांडा फिरतो. स्वस्त कॅलिपरमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलतो, डिस्क किंचित वाकते आणि आतल्या स्थिर पॅडवर जाऊन टेकते. त्यामुळे स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ ठेवावा लागतो, केस जाईल एवढीच फट. पॅड झिजत जातात तशी ही फट वाढते, ब्रेक ‘खाली जातो’, आणि लोक केबल ताणत बसतात. खरं तर आतला पॅड ॲलन कीने पुढे सरकवायला हवा. दुकानात उभे असताना एवढंच बघा, की आतल्या पॅडला सरकवायचा स्क्रू आहे का आणि तो चाक न काढता फिरवता येतो का. एविडचा बीबी-७ हा ब्रेक वर्षानुवर्षं नावाजला गेला, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याचे दोन्ही पॅड हाताने फिरवायच्या चकत्यांनी पुढे-मागे करता येतात. टीआरपीच्या स्पायरमध्ये तर दोन्ही पॅड एकाच वेळी हलतात, डिस्क वाकवावी लागत नाही.

हायड्रॉलिकमध्ये तारेची जागा तेल घेतं. लीव्हरमधला छोटा पिस्टन तेल ढकलतो, कॅलिपरमधले मोठे पिस्टन दोन्ही पॅड दाबतात. छोट्या पिस्टनवरचं थोडं बळ मोठ्या पिस्टनवर वाढून मिळतं, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. पण मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती पिस्टनभोवतीची चौकोनी काटछेदाची रबरी कडी. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते. सोडला की मूळ आकारात येते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजला तर पिस्टन त्या कडीतून थोडा पुढे घसरतो आणि तिथून पुढे तीच त्याची नवी जागा. म्हणजे पॅडच्या झिजेची दुरुस्ती ब्रेक स्वतःच करत जातो. एका बोटाने लागणारा, रोज ताणावा न लागणारा ब्रेक हवा असेल, तर शिमानोच्या एमटी-२०० सारखा साधा, दोन पिस्टनचा हायड्रॉलिक आपल्या भागाला पुरून उरतो. त्याच्या वरच्या श्रेणीत पैसे गेले तर वजन कमी होतं, लीव्हर देखणा होतो, पण न्हावऱ्याच्या रस्त्यावर थांबण्यात फारसा फरक पडत नाही.

पण हायड्रॉलिक घेण्याआधी तेलाचा विचार करा, कारण तालुक्याच्या गावात खरी गोची तिथेच होते. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा हे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये असतं ते डॉट-३ किंवा डॉट-४. दिसायला दोन्ही तेलंच, पण रसायन पूर्ण वेगळं. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट-४ची बाटली सहज मिळते, आणि सायकलचा हायड्रॉलिक कधी उघडला नसलेला मेकॅनिक चांगल्या मनाने तीच ओततो. मिनरल ऑइलसाठी बनवलेल्या रबरी कड्या डॉटमध्ये फुगतात, पिस्टन अडकतात आणि अख्खा ब्रेक निकामी होतो. उलट दिशेनेही तेच. एसरॅमचे बरेच ब्रेक डॉटवर चालतात, पण २०२२ मध्ये आलेला त्यांचा डीबी-८ मिनरल ऑइलचा आहे, म्हणजे कंपनीचं नाव बघून अंदाज करणंही धोक्याचं. लीव्हरच्या टाकीवर लिहिलेलं वाचा. डॉट तेल हवेतली वाफ शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट-४ नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं, ओलं झाल्यावर हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. शिवाय ते रंग खातं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडे मी मिनरलचाच ब्रेक सुचवेन, एका अटीवर. पुण्याहून ब्रेक आणताना तेलाची छोटी बाटली आणि ब्लीडिंगचा, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरायचा, संच सोबत आणायचा, आणि मेकॅनिकला स्वतः समोर उभं राहून ते तेल द्यायचं.

आणखी एक गोष्ट बाभळीमुळे सांगावी लागते. या भागात पंक्चर नेहमीचंच. पंक्चर काढायला सायकल उलटी केली की हायड्रॉलिकच्या टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत शिरू शकतो. सरळ केल्यावर लीव्हर स्पंजासारखा लागतो. घाबरू नका, थोडा वेळ सायकल उभी ठेवून लीव्हर पंधरा-वीस वेळा दाबा, बहुतेक वेळा हवा वर जाते. तो घट्ट झाल्याशिवाय मात्र सायकलवर बसू नका. आणि चाक काढलेलं असताना कुणालाही लीव्हर दाबू देऊ नका. मध्ये डिस्क नसल्यामुळे पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. पंक्चरच्या दुकानात पोरं कुतूहलाने हमखास लीव्हर दाबतात. चाक निघालं की पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेवा.

हे सगळं नको वाटत असेल, तर चांगला केबल-डिस्क हा कमीपणा नाही. केबल कुठल्याही गावात मिळते. जुना केबल-डिस्क नीट लागत नसेल तर नवा कॅलिपर घेण्याआधी आतली तार आणि बाहेरचं आवरण नवं घाला, पॅड बदला. आवरण दबतं म्हणून लीव्हरचा जोर वाटेतच संपतो. एवढ्या किरकोळ खर्चात कित्येक ब्रेक पुन्हा नव्यासारखे चावतात.

ज्यांच्याकडे जुनी व्ही-ब्रेकची सायकल आहे, त्यांच्यासाठी कळकळीची सूचना. फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपर बसवायची जागा कारखान्यातच असावी लागते, हबलाही डिस्क लावायची सोय लागते. ती नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून कान जोडून घेऊ नका. व्ही-ब्रेकचा जोर फोर्कच्या वरच्या भागावर येतो. डिस्कचा जोर येतो तो फोर्कच्या एकाच पायावर, अगदी खाली. त्यासाठी न घडवलेली नळी भुलेश्वरच्या उतारावर वाकली तर सावरायला वेळ मिळत नाही. फोर्कला आणि पुढच्या हबला सोय असेल आणि फ्रेमला नसेल, तर फक्त पुढे डिस्क लावा. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. पैसे थोडे असतील तर ते पुढच्या चाकावर खर्च करावेत.

डिस्कच्या मापाबद्दल फार बोलायला नको. १६०, १८० आणि २०३ मिलिमीटर ही नेहमीची मापं. १६० वरून १८० वर गेलात की त्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो, शिवाय उष्णता पसरायला जास्त धातू मिळतो. आपल्या सपाटीला दोन्हीकडे १६० ठीक. अंगाने भरदार असाल किंवा सामान लादून फिरत असाल तर पुढे १८०, पण फोर्क बनवणाऱ्याने ते माप मान्य केलंय का ते बघून. नवी डिस्क साधारण १.८ मिलिमीटर जाड असते. १.५ वर आली की ती बदलायची. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला असेल, तर तिच्यावर धातूचे पॅड लावू नका, डिस्क झपाट्याने खाल्ली जाईल.

रेझिन पॅड शांत असतात आणि थंड असतानाच छान चावतात, पण वाळूमिश्रित चिखलात लवकर संपतात. धातूचे पॅड टिकतात, उष्णता सोसतात, पण कुरकुरतात. कालव्याच्या कडेने पावसाळाभर फिरणाऱ्याने धातूचे पॅड चालणारी डिस्क घेतली तर खर्च वाचतो. पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचाच, नाहीतर मागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडते.

पॅडच्या आकारांची संख्या मात्र अफाट आहे, आणि ब्रेकचा खरा खर्च तिथे ठरतो. शिमानोच्या साध्या कॅलिपरना बसणारे बी-०१-एस, बी-०३-एस आणि बी-०५-एस हे एकाच आकाराचे पॅड आहेत. त्याच आकाराचे पॅड इतर कंपन्याही बनवतात, त्यामुळे ते पाच वर्षांनीही मिळतील असं मानायला जागा आहे. उलट बिननावाच्या कॅलिपरचा पॅड कुणाशी जुळतो हे दुकानदारालाही माहीत नसतं. असा ब्रेक स्वस्तात मिळाला तरी पहिल्या पावसाळ्यानंतर पॅडअभावी पडून राहतो आणि मग अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

मागवताना डाव्या-उजव्याची खात्री करा. आपल्याकडे मोटरसायकलप्रमाणे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. काही देशांत तो डाव्या हाताला असतो आणि तेल भरून, नळी कापून आलेले संच त्या रिवाजाचेही मिळतात. असा संच लावलात तर सवयीने चुकीचं चाक दाबलं जाईल.

नवे पॅड लावल्यावर ते डिस्कशी जुळावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या, चाक न घसरवता ब्रेक दाबत जवळजवळ थांबा, पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा करा. डिस्कवर पॅडचा पातळ थर बसतो आणि ब्रेक चावायला लागतो. ही अर्ध्या तासाची मेहनत न केल्यामुळे कित्येक चांगले ब्रेक ‘लागत नाहीत’ म्हणून बदनाम होतात. साखळीला तेल घालताना किंवा फवाऱ्याचं गंजरोधक मारताना डिस्कवर कापड धरा. पॅडमध्ये एकदा तेल मुरलं की ते सहसा निघत नाही. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, रॉकेल नाही.

दुकानात शेवटी पैसे देण्याआधी जादा पॅडचा एक जोड तिथेच मागा. तो तिथल्या तिथे मिळाला, तर ब्रेक घ्या. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं, तर दुसरा ब्रेक बघा.